आर्तुरो प्रात : सनद घेतलेला दर्यावर्दी

दक्षिण अमेरिकेचा नकाशा उघडला की पश्चिम किनाऱ्याला शेवग्याच्या शेंगेसारखा एक लांबट, चिंचोळा देश दिसतो. तो चिली. आपला त्याच्याशी संबंध भूगोलाच्या पेपरापुरता. तेथील वाळवंटातल्या सोऱ्यावरून १८७९ साली चिलीचे बोलिव्हिया आणि पेरूशी युद्ध जुंपले, आणि त्यात आर्तुरो प्रात हा नौदलातील अधिकारी एकतिसाव्या वर्षी मारला गेला. चिलीच्या दहा हजार पेसोंच्या नोटेवर त्याचे चित्र आहे. लोकांना आठवते ती त्याची शेवटची उडी. मला मात्र तिच्याआधीची वर्षे अधिक मोलाची वाटतात.

प्रातचा जन्म ३ एप्रिल १८४८ रोजी निन्वे गावाजवळच्या एका शेतवाडीवर झाला. वडिलांचे सान्तियागो शहरातील दुकान आगीत जळाले होते. मूल इतके अशक्त, की आईने थंड पाण्याचे उपचार करून ते जगवले. पुढे वडीलही आजाराने खचले. १८५८ साली सरकारी खर्चाने शिकण्याची जागा मिळाली म्हणूनच दहा वर्षांचा आर्तुरो नौदलाच्या शाळेत गेला. कोन्देल, लातोरे आणि उरीबे हे त्याचे वर्गमित्र. ही तिन्ही नावे पुढे पुन्हा येणार आहेत.

१८६५ साली स्पेनशी युद्ध झाले. प्रात तेव्हा सतरा वर्षांचा, ‘एस्मेराल्दा’ या लाकडी जहाजावर होता. या जहाजाने स्पेनचे ‘कोवादोंगा’ पकडले. त्याच्या आयुष्याची अखेरही याच दोन जहाजांच्या सोबतीने व्हायची होती.

जहाजावर नोकरी करता करता प्रातने कायद्याचा अभ्यास सुरू केला, तोही बहिःस्थ विद्यार्थी म्हणून! दिवसभर काम करून रात्री पुस्तक उघडणे म्हणजे काय, हे आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना सांगायला नको. पण आमची खोली निदान हलत तरी नाही. त्याच काळात मित्र उरीबेवर लष्करी खटला भरला गेला. वरिष्ठांची परवानगी न घेता इंग्लंडमध्ये लग्न केले, हा त्याचा गुन्हा. प्रात त्याच्या बचावासाठी उभा राहिला. पदवीसाठी त्याने प्रबंध लिहिला तो निवडणूक कायद्यातील उणिवांवर. जुलै १८७६ मध्ये वकिलीची सनद मिळाली. परीक्षेला तो नौदलाच्या गणवेशात गेला आणि आत जाताना कमरेची तलवार बाहेर काढून ठेवली, असे सांगतात. वाल्पाराइसो बंदरात कामगारांसाठी रात्रशाळा चाले. तेथे तो पैसे न घेता शिकवी. घरी पत्नी कार्मेला होती. पहिली मुलगी तान्हेपणीच गेली. नंतर एक मुलगी आणि एक मुलगा झाला.

युद्ध सुरू झाले तेव्हा बरोबरीचे अधिकारी जहाजांवर गेले आणि हा वकील कचेरीतल्या कामाला राहिला. त्याला हे किती लागले असेल, याची कल्पना करता येते. अखेर मे महिन्यात त्याला बोलावणे आले. चिलीचे मुख्य आरमार पेरूच्या कायाव बंदराकडे निघाले आणि इकीके बंदराची नाकेबंदी करायला मागे ठेवली दोन जुनी जहाजे. ‘एस्मेराल्दा’ प्रातकडे, ‘कोवादोंगा’ कोन्देलकडे.

२१ मे १८७९ च्या सकाळी पेरूची दोन चिलखती जहाजे आली. त्यांपैकी ‘वास्कार’वर कप्तान होता मिगेल ग्राउ. ‘एस्मेराल्दा’चे लाकूड कुजके, बॉयलर निकामी. प्रातने जहाज किनाऱ्याजवळ, गावासमोर नेले. हेतू असा, की ग्राउच्या तोफांचा नेम चुकला तर गोळे त्याच्याच लोकांवर पडावेत. मग किनाऱ्यावरूनही तोफा सुरू झाल्या आणि तेथून हलावे लागले. शेवटी ग्राउने सरळ धडक दिली. दोन्ही जहाजे क्षणभर चिकटली तेव्हा प्रात तलवार घेऊन शत्रूच्या डेकवर उतरला. गोंगाटात त्याचा हुकूम ऐकू गेला नाही. मागून आलेली माणसे एकदोनच. तो तेथेच पडला. दुसऱ्या धडकेला सेरानो काही माणसांसह चढला, तोही पडला. तिसऱ्या धडकेने ‘एस्मेराल्दा’ बुडाली, निशाण न उतरवता. सुमारे दोनशेपैकी साठेक वाचले. त्यांत प्रातच्या पश्चात जहाजाची सूत्रे घेतलेला उरीबे होता. पाण्यातून त्यांना ओढून काढायला ग्राउनेच होड्या पाठवल्या. तिकडे कोन्देलने पेरूचे दुसरे चिलखती जहाज, ‘इन्देपेन्देन्सिया’, आपल्या मागे खेचत खडकावर चढवले.

दहा-बारा दिवसांनी ग्राउने कार्मेलाला सांत्वनाचे पत्र लिहिले. सोबत प्रातची तलवार, अंगठी आणि त्याच्याजवळ सापडलेली घरच्यांची छायाचित्रे पाठवली. शत्रूच्या विधवेला! कार्मेलानेही त्याला आभाराचे उत्तर पाठवले.

८ ऑक्टोबर १८७९ रोजी आंगामोसच्या लढाईत ग्राउ त्याच ‘वास्कार’वर मारला गेला आणि जहाज चिलीच्या हाती पडले. त्याला गाठणाऱ्यांत पुढे होता लातोरे, प्रातचा वर्गमित्र. ‘वास्कार’ तालकावानो बंदरात संग्रहालय म्हणून जपून ठेवले आहे. प्रात आणि ग्राउ दोघांच्याही आठवणी त्या एकाच डेकवर आहेत.