एक्स-रे हा फोटो नाही, सावली आहे : रॉन्टजेन आणि गुडघ्याचं माप

फोनचा टॉर्च लावा आणि भिंतीसमोर हात धरा. हात भिंतीजवळ असला की सावली जवळपास हाताएवढी पडते, टॉर्चकडे सरकवला की मोठी होते. एक्स-रेचंही असंच असतं. तरी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला गुडघ्याचा एक्स-रे झूम करून मिलिमीटर मोजणारे लोक मी पाहिलेत! म्हणून आज विल्हेल्म रॉन्टजेनबद्दल सांगतो.

जन्म १८४५ चा, जर्मनीतल्या लेनेपचा. बालपण मात्र नेदरलँड्समध्ये गेलं. उट्रेख्तला कुणीतरी शिक्षकाचं व्यंगचित्र काढलं, आळ यांच्यावर आला आणि शाळेतून काढून टाकलं. तरी झुरिकला जाऊन ते मेकॅनिकल इंजिनिअर झाले आणि १८६९ मध्ये डॉक्टरेटही मिळवली.

८ नोव्हेंबर १८९५. वुर्झबर्गच्या प्रयोगशाळेत काळ्या पुठ्ठ्याने झाकलेल्या नळीत त्यांनी वीज सोडली, तर थोड्या अंतरावरचा रसायन लावलेला पडदा चमकायला लागला. पुढचे काही आठवडे ते त्याच्याच मागे होते. २२ डिसेंबरला पत्नी अ‍ॅना बर्थाच्या हाताचा एक्स-रे काढला. हाडं दिसली, अंगठीही दिसली.

सगळे या हाताचंच कौतुक करतात. मला जास्त मोठं वाटतं ते त्यांचं भिंगावर किरण सोडून बघणं. किरण वळेनात. म्हणजे कॅमेऱ्यासारखं फोकस करणं नाहीच, हाती फक्त सावली.

आणि सावलीत मिलिमीटरवर भरवसा कसा ठेवायचा? गुडघ्याची वाटी जागेवरून वारंवार निसटत असेल, तर ती मुळात जास्त वर बसली आहे का, हे डॉक्टरांना बघावं लागतं. ऑपरेशनचा निर्णयही त्या मापावर अवलंबून असू शकतो. १९७१ मध्ये इन्सॉल आणि साल्वाती यांनी साधी युक्ती वापरली. बाजूने काढलेल्या एक्स-रेवर वाटीखालच्या पट्ट्याची लांबी मोजायची आणि तिला वाटीच्या लांबीने भागायचं. उत्तर साधारण १ येतं, १.२ च्या वर गेलं तर वाटी वर चढलेली मानतात. सावली मोठी पडली तर दोन्ही लांब्या सारख्याच वाढतात, गुणोत्तर तेच राहतं. झूम केलं तरीही!

पण गुडघा तिरका पडला तर ही युक्तीही फसते. शिवाय पट्टा नडगीच्या हाडाला नेमका कुठे चिकटतो, ते कधीकधी धूसर दिसतं. म्हणून नंतरच्या काही पद्धतींनी सांध्याची स्पष्ट दिसणारी कड धरली. पद्धत भरवशाची आहे का, हे तपासायला दोन डॉक्टर तोच एक्स-रे एकमेकांना न विचारता मोजतात, आणि आकडे किती जुळतात ते बघतात.

रॉन्टजेन यांनी एक्स-रेचं पेटंट घेतलं नाही. १९०१ चं भौतिकशास्त्राचं पहिलंच नोबेल त्यांना मिळालं, ती रक्कम त्यांनी वुर्झबर्ग विद्यापीठाला देऊन टाकली. पहिल्या महायुद्धानंतरच्या महागाईनं त्यांची बचत खाल्ली. १० फेब्रुवारी १९२३ ला म्युनिकमध्ये, वयाच्या ७७ व्या वर्षी ते गेले.