तंतूंना वाट कोण दाखवितो?
(सांतियागो रामोन इ काहाल : १८५२–१९३४)

मातेच्या उदरात बालक वाढत असता त्याच्या मेंदूत कोट्यवधी मज्जापेशी तयार होतात. प्रत्येक पेशीतून एक लांब तंतू निघतो आणि असंख्य तंतूंच्या गर्दीतून आपल्या ठरलेल्या ठिकाणी जाऊन पोहोचतो. ही वाट त्याला कोण दाखवितो? या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी डोळ्यांनी न पाहताच ओळखले, त्या स्पॅनिश शास्त्रज्ञाची ओळख आम्ही वाचकांस करून देत आहोत.

काहाल यांचा जन्म १ मे १८५२ रोजी पेतिया दे आरागोन या डोंगराळ खेड्यात झाला. वडील शस्त्रवैद्य व फार कडक. मुलगा विलक्षण खोडकर. अकराव्या वर्षी त्याने घरी तोफ बनवून शेजाऱ्याचे फाटक फोडले व त्यापायी काही दिवस कोठडीत काढले. त्याला वेड होते ते चित्रकलेचे. पण वडिलांना हा काळाचा अपव्यय वाटे. मुलगा ताळ्यावर यावा म्हणून त्यांनी त्याला न्हाव्याकडे व पुढे चांभाराकडे उमेदवारीस ठेवले. शेवटी १८६८ साली ते त्याला स्मशानभूमीत घेऊन गेले व मिळालेल्या हाडांवरून शरीररचना शिकवू लागले. मुलगा हाडांची चित्रे काढू लागला आणि त्या चित्रांतूनच त्याला वैद्यकाची गोडी लागली.

१८७३ साली ते सारागोसा येथे वैद्यकाची परीक्षा उतरले. पुढल्या वर्षी लष्करी डॉक्टर म्हणून क्यूबात गेले व हिवतापाने खंगून १८७५ मध्ये परतले. मग क्षयाने गाठले. त्यातूनही ते वाचले. १८८३ मध्ये व्हॅलेन्सियास प्राध्यापक झाले. १८८५ च्या पटकीच्या साथीत त्यांनी केलेल्या कामाबद्दल सारागोसा प्रांताच्या सरकारने त्यांना एक उत्तम सूक्ष्मदर्शक यंत्र भेट दिले.

त्या काळी बहुतेक विद्वानांचे मत असे, की मज्जातंतू एकमेकांत मिसळून त्यांचे सलग जाळे बनते. इटलीच्या गॉल्जी यांनी १८७३ मध्ये चांदीच्या क्षाराने मोजक्याच पेशी संपूर्ण काळ्या रंगविण्याची रीत शोधली होती. काहाल यांनी ती १८८७ साली पाहिली, सुधारली आणि पक्ष्यांच्या व गर्भांच्या मेंदूवर वापरली. प्रत्येक पेशी स्वतंत्र आहे, हे त्यांना १८८८ मध्ये दिसले. ऐकणारा कोणी नव्हता, म्हणून त्यांनी पदरमोड करून स्वतःचे नियतकालिक काढले. १८८९ साली ते यंत्र व काचपट्ट्या घेऊन बर्लिनच्या परिषदेस गेले. तेथे थोर स्विस शास्त्रज्ञ क्योलिकर यांनी त्या पाहिल्या आणि त्यांची खात्री पटली.

१८९० मध्ये कोंबडीच्या गर्भात त्यांना वाढत्या तंतूच्या टोकाशी एक फुगीर गाठ दिसली. तिला त्यांनी वाढीचा शंकू असे नाव दिले. समोर होता तो मृत, रंगविलेला काप. तरी हा शंकू चाचपडत पुढे सरकत असला पाहिजे, असे त्यांनी ताडले. १८९२ साली ते आणखी पुढे गेले. सूज आलेल्या जागेकडे जशा पांढऱ्या रक्तपेशी रासायनिक द्रव्याच्या ओढीने धावतात, तसेच काही पेशी द्रव्य सोडून तंतूंना बोलावीत असाव्यात, असा विचार त्यांनी मांडला.

१९०६ चे नोबेल पारितोषिक त्यांना व गॉल्जींना विभागून मिळाले. त्या समारंभातील भाषणातही गॉल्जींनी जाळ्याचाच पक्ष घेतला! १९०७ साली अमेरिकेत हॅरिसन यांनी बेडकाच्या गर्भाचा जिवंत तंतू सरकताना पाहिला. काहाल यांचा तर्क खरा ठरला. परंतु बोलावणारे द्रव्य सापडण्यापूर्वीच, १७ ऑक्टोबर १९३४ रोजी, माद्रिदला त्यांचे निधन झाले.

ते द्रव्य १९९४ साली सापडले. सॅन फ्रान्सिस्को येथे टेसिए-लव्हीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबडीच्या सुमारे २५,००० गर्भांच्या मेंदूंतून दोन प्रथिने वेगळी केली व त्यांना 'नेट्रिन' हे नाव दिले. हे नाव संस्कृतातील 'नेतृ', म्हणजे वाट दाखविणारा, या शब्दावरून घेतले आहे. आपल्या 'नेता' या शब्दाचे मूळही तेच. बोलावणाऱ्या द्रव्यांप्रमाणे दूर लोटणारी द्रव्येही आहेत, हे त्याच सुमारास कळले. नेट्रिन दुरूनच बोलावते असे नाही, तर वाटेवर पसरून राहूनही तंतूंना मार्गी लावते, हे २०१७ च्या उंदरांवरील प्रयोगांनी दाखविले.

हा केवळ विद्वानांचा विषय नव्हे. काही कुटुंबांत उजवा हात हलविला की डावाही आपोआप तसाच हलतो. अशा काहींच्या शरीरात नेट्रिनची खूण ओळखणाऱ्या प्रथिनाच्या जनुकातच दोष असतो, हे २०१० साली उघड झाले. तंतूची वाट चुकली, तर मनुष्याला त्याचा भार जन्मभर वाहावा लागतो.

काहाल यांच्या तर्काला पुराव्यासाठी १०२ वर्षे वाट पाहावी लागली. तो तर्क त्यांना सुचला तो हातात पेन्सिल घेऊन तासन् तास काप न्याहाळल्यामुळे. जी चित्रकला वडिलांना वाया गेलेला वेळ वाटली, तिनेच हे काम केले. वहीच्या कडेला चित्रे काढीत बसणाऱ्या मुलावर रागावण्यापूर्वी आम्ही पालकांनी एवढे ध्यानात ठेवावे.