चुंबकसूचीचे घर

मुंबईच्या दक्षिण टोकाला कुलाबा येथे ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली एक वेधशाळा स्थापन केली. ग्रहताऱ्यांचे वेध घ्यावेत आणि बंदरातील जहाजांना अचूक वेळ कळावी, हा तिचा मूळ उद्देश होता. १८४१ पासून तेथे आणखी एक काम सुरू झाले. पृथ्वी हाही एक प्रचंड लोहचुंबकच आहे. तिचे चुंबकबल क्षणोक्षणी किंचित बदलत असते, आणि ते बदल टिपून ठेवण्याचे हे काम होते. १८५९ च्या सप्टेंबर महिन्यात सूर्यावर मोठा उत्पात झाला. त्या वेळी कुलाब्याच्या चुंबकसूचीने घेतलेली झेप तेथील वह्यांत नोंदली गेली असून, जगातील शास्त्रज्ञ आजही त्या नोंदी अभ्यासतात.

त्याच वर्षी, ऑक्टोबर महिन्यात, मुंबईतील एका पारशी कुटुंबात नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांचा जन्म झाला. पुण्यास त्यांनी स्थापत्यशास्त्राचे शिक्षण घेतले आणि पुढे एडिंबरा येथे जाऊन विज्ञानाची पदवी संपादन केली. एकाच माणसाच्या ठायी इमारत बांधण्याची विद्या आणि निसर्गाचे नियम जाणण्याची दृष्टी एकत्र यावी, हा योग पुढे फार उपयोगी पडणार होता. १८९६ मध्ये ते कुलाबा वेधशाळेचे प्रमुख झाले. या पदावर बसणारे ते पहिलेच भारतीय होत.

नानाभाईंनी सूत्रे हाती घेतली, त्या काळी मुंबईच्या रस्त्यांतून घोडे ट्राम ओढीत. थोड्याच वर्षांत ट्राम विजेवर चालविण्याचा विचार पुढे आला. नगरजनांना त्याचा आनंद झाला असेल. वेधशाळेवर मात्र ते संकटच होते. तारेतून विजेचा प्रवाह वाहू लागला की तिच्याभोवती चुंबकबल उत्पन्न होते. ट्रामच्या तारांतून, रुळांतून आणि जमिनीतून तो प्रवाह वाहू लागता, तर सूची पृथ्वीमुळे हलली की रस्त्यावरून गेलेल्या ट्राममुळे, हे कोणाला सांगता आले असते? साठ वर्षे अखंड चाललेली नोंद तेथेच निरुपयोगी झाली असती.

विजेला शहरात येण्यापासून अडविणे शक्य नव्हते, आणि योग्यही नव्हते. तेव्हा चुंबकसूचीनेच घर बदलावे असे ठरले. कुलाब्यापासून सुमारे तीस किलोमीटरवर, समुद्राच्या दक्षिण बाजूस असलेले अलिबाग निवडण्यात आले. तेथे कारखाने नव्हते, ट्राम येण्याचीही शक्यता नव्हती. गंमत अशी, की अलिबागच्या समुद्रातील शिवकालीन किल्ल्याचे नावही कुलाबाच, आणि आज ज्यास रायगड म्हणतात त्या जिल्ह्याचे नावही १९८१ पर्यंत कुलाबाच होते. सूची एका कुलाब्यातून निघून दुसऱ्या कुलाब्यात गेली!

पण हे घर बांधावयाचे कसे? कोकणातला काळा दगड किंवा तांबूस जांभा वापरण्याची सोय नव्हती, कारण दोहोंतही लोहाचा अंश असतो. म्हणून पोरबंदरचा फिकट दगड पारखून घेण्यात आला. लोखंडी खिळा, बिजागरी, कडी यांना तर त्या घराचा दरवाजाच बंद होता. त्यांचे काम तांब्यापितळेवर सोपविण्यात आले.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म होती. चुंबक तापला की त्याचे बळ थोडे उणे होते, आणि उपकरणाचे धातूचे भागही उष्णतेने प्रसरण पावतात. दुपारचे ऊन आणि पहाटेचा गारवा जर खोलीत शिरला, तर उपकरण पृथ्वीऐवजी हवामानाचीच नोंद करू लागेल. खोली दिवसरात्र सारखीच उबदार राहिली पाहिजे. परंतु तेथे शेगडी पेटविता येत नव्हती, आणि विजेचे यंत्र बसवावे तर जिच्यापासून पळ काढला तीच वीज घरात आणावी लागली असती.

नानाभाईंनी हे काम भिंतींकडून करवून घेतले. जाड दगडी भिंत सकाळपासून तापू लागली, तरी तिच्यातून आतपर्यंत पोहोचण्यास उष्णतेला कित्येक तास लागतात. तोवर सूर्य मावळतो, बाहेरची हवा निवते आणि भिंतीची उष्णता पुन्हा बाहेर जाऊ लागते. रात्रीचा गारवाही तसाच वाटेत अडतो. शिवाय उपकरणांतील नोंदी प्रकाशाच्या किरणाने छायाचित्रणाच्या कागदावर उमटत असल्यामुळे आत काळोखच हवा होता. मोठ्या खिडक्या ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. अशा रीतीने त्या खोलीचे तापमान दिवसभरात जवळजवळ स्थिर राहू लागले. त्यासाठी ना कोळसा जाळावा लागला, ना कोणते यंत्र फिरवावे लागले. एकदा विचारपूर्वक बांधले, आणि पुढचा दैनंदिन खर्च वाचला.

अलिबागच्या जुन्या रहिवाशांना यात फारसे नवल वाटले नसावे. त्यांच्या घरांतही पुढे ओटी, बाजूस पडवी, वर माळा आणि कौले, आणि या सर्वांच्या मधोमध माजघर असे. उन्हाचा ताप पडवीत आणि माळ्यावरच अडे, झडीचा पाऊस जांभ्याच्या भिंतीवर आपटून परते, आणि वैशाखातल्या दुपारी बाळाचा पाळणा माजघराच्या गारव्यात हले. थंडीच्या पहाटे तेच माजघर ऊबदार लागे. पत्र्याच्या किंवा पातळ सिमेंटच्या छपराखाली दिवसभर पंखा फिरवूनही जो गारवा मिळत नाही, तो ती घरे फुकट देत असत. नानाभाईंच्या घरात राहणारी मात्र माणसे नव्हती, आणि त्या पाहुणीला एकदोन अंशांचा फरकही खपत नव्हता.

एप्रिल १९०४ मध्ये अलिबागेस काम सुरू झाले. परंतु नानाभाईंनी जुने दालन लगेच बंद केले नाही. दोन वर्षे, १९०६ पर्यंत, दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी चालू ठेवण्यात आली. दोन्ही जागांच्या आकड्यांत नेमका किती फरक पडतो हे ठरल्यावाचून जुनी नोंद नव्या नोंदीशी जोडता आली नसती. अधीर माणसाने ही दोन वर्षे वाया गेली असे म्हटले असते. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावू लागली, तेव्हा सूची खाडीपलीकडे निर्धास्त होती.

कुलाब्याच्या १८४६ ते १९०५ या काळातील नोंदींचे नानाभाईंनी बारकाईने विवरण केले, आणि १९१० मध्ये ते दोन मोठ्या खंडांत प्रसिद्ध झाले. पृथ्वीच्या चुंबकत्वाचा सूर्याशी असलेला संबंध शोधणाऱ्यांना ते खंड आजही लागतात. १९१९ मध्ये ते सेवानिवृत्त झाले आणि १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले.

मुंबईच्या रस्त्यांवरील ट्राम १९६४ मध्ये कायमची थांबली. अलिबागची वेधशाळा मात्र चालू आहे. आता ती भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे असून, १८४१ मध्ये कुलाब्यास सुरू झालेल्या नोंदींचा धागा तेथे पुढे चालला आहे.