श्वासाला माप देणारा हचिन्सन

छातीच्या विकाराची शंका आली, की डॉक्टर रुग्णाला स्पायरोमेट्रीसाठी पाठवतात. नाकाला चिमटा लावायचा, छाती भरून श्वास घ्यायचा, नळीत जोराने फुंकायचे आणि आत काही उरले नाही असे वाटेपर्यंत फुंकत राहायचे. तंत्रज्ञ शेजारी उभा राहून सतत ओरडत असतो. नवख्या रुग्णाला तो रागावल्यासारखा भासतो. पण त्या आरडाओरडीला कारण आहे. रुग्णाने श्वास अर्धाच घेतला, तर निरोगी फुप्फुसही आकुंचित झालेले दिसते. यंत्र कितीही चांगले असले, तरी फुंकणाऱ्याच्या प्रयत्नापेक्षा अधिक खरे ते सांगू शकत नाही. ही गोष्ट पावणेदोनशे वर्षांपूर्वी ज्याने नेमकी ओळखली, तो जॉन हचिन्सन हा इंग्लिश शल्यवैद्य.

इंग्लंडच्या उत्तरेस न्यूकॅसलजवळच्या रायटन गावी, कोळशाचा व्यापार करणाऱ्या कुटुंबात 1811 मध्ये त्याचा जन्म झाला. वैद्यकीय शिक्षण लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात झाले. पुढे तो ब्रिटानिया या आयुर्विमा कंपनीचा वैद्यकीय अधिकारी झाला. क्षयाने त्या काळी लंडनमध्ये धुमाकूळ घातला होता आणि धडधाकट दिसणारा माणूस दोन वर्षांत दगावला, तर विमा कंपनीला त्याचा फटका बसत असे. स्टेथोस्कोप हाताशी होता. पण त्यातून काही ऐकू येईपर्यंत रोग बराच पुढे गेलेला असे. रोग त्याआधी पकडता येईल काय, हा हचिन्सनपुढचा प्रश्न होता.

त्याचे यंत्र दिसायला साधे होते. पाण्याने भरलेल्या उभ्या भांड्यात एक पालथे पिंप, त्याचा भार तोलणारी वजने आणि आत हवा नेणारी नळी. फुंकले, की पिंप वर उचलले जाई आणि शेजारच्या पट्टीवर हवेचे आकारमान वाचता येई. फुप्फुसातून बाहेर पडणारी हवा मोजण्याचे प्रयत्न त्याच्याही आधी झाले होते. पण यंत्राला स्पायरोमीटर हे नाव त्याने दिले आणि पूर्ण श्वास घेऊन पूर्ण बाहेर सोडलेल्या हवेला व्हायटल कपॅसिटी ही संज्ञाही त्याचीच. दोन्ही शब्द आजच्या अहवालांत टिकून आहेत.

खरे कर्तृत्व मात्र मोजण्याच्या शिस्तीत होते. बंडी सैल करायची, ताठ उभे राहायचे, सावकाश छाती भरायची, मग ओठ नळीवर घट्ट धरून सर्व हवा सोडायची. हे तीनदा करायचे आणि सर्वांत मोठा आकडा लिहायचा. छातीतून निघालेली उबदार हवा पिंपात निवते आणि आकुंचन पावते, म्हणून तापमान नोंदून हिशेब 60 अंश फॅरनहाइटला आणायचा. उभे राहून आणि निजून घेतलेल्या मापांत फरक पडतो, भरपेट जेवणानंतर आकडा घटतो, हेही त्याने तपासले. अमेरिकन आणि युरोपीय श्वसनतज्ज्ञांच्या संघटनांनी 2019 मध्ये सुधारलेल्या नियमांतही किमान तीन निर्दोष प्रयत्न लागतात, त्यांतील सर्वोत्तम दोहोंत प्रौढांसाठी 150 मिलिलिटरहून अधिक अंतर चालत नाही, आणि तीन लिटरच्या पिचकारीने यंत्राची रोज पडताळणी करावी लागते.

पण तुलना कशाशी करायची? यासाठी हचिन्सनने 2130 जणांना फुंकायला लावले. त्यांत खलाशी होते, पोलीस होते, आगीच्या बंबावरचे जवान, छापखान्यातले जुळारी, ग्रेनेडियर शिपाई, मुष्टियोद्धे, निराधार आणि सभ्य गृहस्थही होते. निष्कर्ष त्यालाही चकित करणारा ठरला. क्षमता छातीच्या घेरावर नव्हे, तर उंचीवर ठरत होती. पाच ते सहा फुटांच्या दरम्यान प्रत्येक इंचाला सुमारे 8 घन इंच, म्हणजे 130 मिलिलिटरच्या आसपास, हवा वाढे. उंच आणि ठेंगण्या माणसांतला फरक बहुतांशी पायांचा असतो, मग त्याचा फुप्फुसाशी संबंध काय, याचे उत्तर त्याला सापडले नाही. तरी आकडे त्याने जसेच्या तसे मांडले. वय वाढले, की क्षमता घटते, हेही त्याने नोंदवले. हा प्रदीर्घ निबंध 1846 मध्ये प्रसिद्ध झाला.

त्याच्या नोंदींतले सर्वांत बोलके उदाहरण चार्ल्स फ्रीमन या अमेरिकन मुष्टियोद्ध्याचे. जवळजवळ सात फूट उंचीचा हा मल्ल 1842 मध्ये इंग्लंडात आला, तेव्हा त्याचे माप 434 घन इंच, म्हणजे सात लिटरहून अधिक भरले. पुढच्या मापांत ते घटत गेले आणि 1845 मध्ये क्षयाने त्याचा बळी घेतला. एखाद्या सामान्य माणसाशी तुलना केली असती, तर घटलेला आकडाही उत्तमच वाटला असता. घसरण कळली ती त्याच्याच आधीच्या मापामुळे.

हचिन्सनच्या पद्धतीत एक मोठी उणीव राहिली. किती हवा निघाली हे तो मोजत होता, किती वेळात निघाली हे नव्हे. दम्याच्या रुग्णाची हवा सावकाश का होईना, पुष्कळशी बाहेर पडते आणि एकूण आकडा कधी कधी ठीकच दिसतो. वेळेचा हिशेब फ्रान्समधील तिफनो आणि पिनेली यांनी 1947 मध्ये घातला. पहिल्या सेकंदातल्या हवेचे माप तेथून रूढ झाले.

यंत्राचा गैरवापर मात्र फार लवकर झाला. अमेरिकेच्या दक्षिणेतील सॅम्युअल कार्टराइट या डॉक्टरने 1851 मध्ये कृष्णवर्णीयांची क्षमता 20 टक्के कमी असल्याचा दावा करून तो गुलामगिरीच्या समर्थनासाठी वापरला. हचिन्सनने माणसे व्यवसायाने विभागली होती, वंशाने नव्हे. वंशानुसार वजावट करण्याची रीत तरीही दीर्घकाळ चालली; ती सोडून एकच सरासरी वापरावी, असे अमेरिकन संघटनेने 2023 मध्ये सुचवले.

हचिन्सन चित्रकार होता, शिल्पकार होता, व्हायोलिनही वाजवी. कीर्ती वाढत असतानाच, 1852 मध्ये, पत्नी आणि तीन मुलांना मागे ठेवून तो ऑस्ट्रेलियाला निघून गेला. व्हिक्टोरियातील सोन्याच्या खाणींच्या भागात त्याने काही वर्षे घालवली. तेथून 1861 मध्ये तो फिजी बेटांवर पोहोचला आणि त्याच वर्षी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, तेथे मरण पावला. आमांशाने गेला असे काही म्हणतात, तर काहींच्या मते त्याचा खून झाला.