जेम्स कॉनंट : आम्लांचे बळ मोजणारा शास्त्रज्ञ

निळा लिटमस कागद आम्लात तांबडा होतो, हे राणीसावरगावच्या शाळेतील मुलांनाही ठाऊक असते. परंतु दोन तीव्र आम्लांपैकी अधिक बलवान कोणते, हे तो कागद सांगू शकत नाही. या प्रश्नाचा पाठपुरावा करणाऱ्यांमध्ये अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ जेम्स ब्रायंट कॉनंट यांचे नाव अग्रभागी आहे.

कॉनंट यांचा जन्म २६ मार्च १८९३ रोजी बॉस्टन येथे झाला. वडील छपाईसाठी चित्रांचे ठसे तयार करीत. शाळेत न्यूटन हेन्री ब्लॅक या विज्ञानशिक्षकांनी मुलाची आवड ओळखली व त्याला हार्वर्ड विद्यापीठाची वाट दाखविली. तेथे कॉनंट यांनी १९१६ साली डॉक्टरेट मिळविली. पुढे १९२० साली या गुरुशिष्यांनी मिळून रसायनशास्त्राचे शालेय पाठ्यपुस्तकही लिहिले.

आम्ल म्हणजे दुसऱ्यास प्रोटॉन देणारा पदार्थ. पाणी हा प्रोटॉन इतक्या सहजतेने घेते, की पाण्यात सारी तीव्र आम्ले सारखीच बलवान भासतात. म्हणून कॉनंट व त्यांचे सहकारी नॉरिस हॉल यांनी पाणी बाजूला सारले आणि सिरक्याला आंबटपणा देणारे ॲसिटिक आम्ल निर्जल स्वरूपात वापरले. त्यात सल्फ्युरिक व परक्लोरिक आम्लांचे खरे सामर्थ्य उघड झाले. पाण्यात ज्यांच्यावर आम्लाचा परिणाम दिसत नाही, अशा पदार्थांनाही ती प्रोटॉन देऊ लागली. १९२७ साली या दोघांनी अशा द्रावणांस ‘सुपरॲसिड’, म्हणजे महाआम्ल, हे नाव दिले. १९३२ साली लुई हॅमेट यांनी अशी तीव्रता मोजण्याचे नवे माप दिले आणि महाआम्लांच्या साहाय्याने केलेल्या संशोधनास १९९४ साली जॉर्ज ओला यांच्या रूपाने नोबेल पारितोषिक लाभले.

१९३३ साली कॉनंट हार्वर्डचे अध्यक्ष झाले. तेथे बहुतांशी सधन घरांतील मुले येत. दूरच्या प्रांतांतील हुशार पण गरीब मुलांसाठी त्यांनी पुढच्याच वर्षी राष्ट्रीय शिष्यवृत्त्या सुरू केल्या. ज्याची गरज अधिक, त्यास रक्कम अधिक, असा त्यांचा नियम होता.

या चरित्राला काळी बाजूही आहे. पहिल्या महायुद्धात त्यांनी विषारी वायूंच्या निर्मितीचे काम केले. दुसऱ्या महायुद्धात अणुबाँबच्या कार्यावर त्यांची देखरेख होती. कामगारांच्या घरांनी वेढलेला युद्धकारखाना हे बाँबचे लक्ष्य असावे, अशी सूचना त्यांनी मे १९४५ मध्ये केली. त्याच वर्षी ६ ऑगस्टला हिरोशिमा बेचिराख झाले. १९४९ साली मात्र त्यांनी हायड्रोजन बाँबला ठाम विरोध केला. ११ फेब्रुवारी १९७८ रोजी त्यांचे निधन झाले.

पालकांनो, योग्य द्रावणात ठेवल्याशिवाय आम्लाचे बळ कळत नाही. मुलांचेही तसेच आहे. त्यांना योग्य शाळा व पारखी शिक्षक मिळवून द्या. आणि विद्यार्थ्यांनो, मिळविलेले ज्ञान कोणाच्या घरावर जाऊन पडणार आहे, हा प्रश्न स्वतःला वेळीच विचारा.