सॅक्सोफोनचा जनक : अडॉल्फ सॅक्स

शिरढोणच्या कोणत्याही मुलाला १८४५ हे साल विचारा. आद्यक्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म त्या वर्षी आमच्या गावात झाला, हे तो झोपेतूनही सांगेल. त्याच वर्षी, एप्रिल महिन्यात, पॅरिसच्या शाँ द मार्स मैदानावर दोन लष्करी बँडांचा सामना झाला. एक बँड जुन्या पठडीचा, तर दुसरा अडॉल्फ सॅक्स नावाच्या तीस वर्षांच्या कारागिराच्या नव्या वाद्यांचा. लोकांनी कौल दिला तो सॅक्सला. हळदीच्या रात्री आमच्या भागातील ब्रास बँड ज्याच्यावाचून सुना वाटतो, त्या सॅक्सोफोनचा हा जनक. माझे वडील तो वाजवतात. त्यामुळे या माणसाविषयी मला पहिल्यापासून कुतूहल.

६ नोव्हेंबर १८१४ रोजी बेल्जियममधील दिनाँ गावी त्याचा जन्म झाला. वडील वाद्ये बनवीत. बालपण म्हणजे अपघातांची मालिकाच! पोरगा उंचावरून कोसळला, टाचणी गिळून बसला, दारूच्या भडक्यात भाजला, नदीत बुडता बुडता वाचला. परंतु हात मात्र विलक्षण. १८३८ साली त्याने सुधारलेल्या बास क्लॅरिनेटचे पेटंट घेतले, १८४२ साली पॅरिस गाठले आणि १८४६ साली सॅक्सोफोनचे पेटंट मिळवले.

त्याची युक्ती साधी होती. नळी पितळेची आणि खाली रुंदावत जाणारी, पण तोंडाशी क्लॅरिनेटसारखी एकच रीड. पितळेचा जोर आणि बासरीच्या कुळाची चपळाई एकत्र आली. यातले खरे मर्म माउथपीसमध्ये आहे, असे मला वाटते. सॅक्सने त्याच्या आतली पोकळी मोठी व गोल ठेवली होती, म्हणून आवाज मऊ येई. विसाव्या शतकात नाचाच्या बँडांना मोठा, धारदार आवाज हवा झाला, तशी ती पोकळी अरुंद होत गेली.

बाबा जुना माउथपीस घेताना आधी आत डोकावतात ते याचसाठी. मग रीड टेकते ती सपाट बाजू काचेवर ठेवून हलते का पाहतात. टोकाच्या दोन्ही कडा नखाने चाचपतात. टोकाला टवका गेला असेल तर माल परत. वरचे दातांचे वण चालतात. हिरवट-तपकिरी झालेला एबोनाइट बोटाने घासला की गंधकाचा वास येतो; तो प्लॅस्टिकला येत नाही. शेवटी रीड बांधायची, मागचे भोक तळहाताने बंद करायचे आणि हवा ओढायची. रीड क्षणभर चिकटून राहिली तर बैठक चांगली. विक्रेते कोरलेल्या नावावर भाव सांगतात. बाबा नाव सर्वांत शेवटी वाचतात. नव्या माउथपीसला कितीतरी सुपाऱ्यांची मिळकत लागते, आणि चुकीचा घेतला तर लगीनसराईच्या अखेरीस ओठ सुजतो तो वेगळाच.

ओठाचे दुःख सॅक्सलाही चुकले नाही. १८५३ च्या सुमारास त्याच्या ओठावर गाठ आली आणि काही वर्षे तो मरणाच्या छायेत राहिला. १८५९ साली बरा झाला. शत्रूंची मात्र गाठ सुटली नाही. इतर वाद्यनिर्मात्यांनी पेटंट रद्द व्हावे म्हणून वर्षानुवर्षे कज्जे चालवले. सॅक्सचा स्वभावही भांडकुदळ होता, हे मान्य केले पाहिजे; तरी एकट्या कारागिरावर सगळ्यांनी असे तुटून पडावे, हे मला पटत नाही. १८५२, १८७३ आणि १८७७ असे तीनदा त्याचे दिवाळे निघाले. १८६६ मध्ये पेटंटची मुदत संपताच कोणीही सॅक्सोफोन बनवू लागला.

१८५७ पासून तो पॅरिसच्या संगीत विद्यालयात लष्करी वादकांना शिकवीत होता. १८७० च्या युद्धात तो वर्गही बंद पडला. ७ फेब्रुवारी १८९४ रोजी गरिबीतच त्याचा अंत झाला. मोंमार्त्रच्या दफनभूमीत त्याला पुरले आहे. त्याच विद्यालयात सॅक्सोफोनचा वर्ग पुन्हा उघडला, तो १९४२ साली.