शब्दांचे मोल जाणणारे शर्मन केंट

राज्यकर्त्यांना परदेशांतील गुप्त वार्ता मिळणे जितके आवश्यक, तितकेच त्या वार्तांचा अर्थ नीट लावणेही आवश्यक असते. हे कार्य शास्त्रशुद्ध पायावर उभे करण्यासाठी शर्मन केंट आयुष्यभर झटले.

केंट यांचा जन्म १९०३ साली अमेरिकेतील शिकागो शहरी झाला. येल विद्यापीठात ते इतिहास शिकवीत. दुसरे महायुद्ध पेटले, तेव्हा ते सरकारच्या गुप्तवार्ता खात्यात दाखल झाले. इतिहासकार पुरावा पारखून घेतो, तशीच परराष्ट्रांविषयीची माहितीही पारखून घ्यावी, असा त्यांचा आग्रह असे. या विषयावरील त्यांचा ग्रंथ १९४९ साली प्रसिद्ध झाला. पुढे १९५२ ते १९६७ पर्यंत ते राष्ट्रीय अनुमान कार्यालयाचे प्रमुख होते.

त्यापूर्वी, १९५१ साली, एक उद्‌बोधक प्रसंग घडला. युगोस्लाव्हियावर त्या वर्षी आक्रमण होण्याचा गंभीर संभव आहे, असे या कार्यालयाने एका अहवालात लिहिले होते. गंभीर संभव म्हणजे नेमका किती, असे एका अधिकाऱ्याने विचारले. केंट यांनी शेकडा ६५ असे सांगताच तो चकित झाला. त्याने त्याहून पुष्कळच कमी धरला होता. मग केंट यांनी सहकाऱ्यांकडे चौकशी केली. कोणाच्या मनात शेकडा २० होते, तर कोणाच्या मनात ८०! अहवाल एकमताने संमत झाला होता. परंतु ते एकमत केवळ शब्दांपुरतेच होते.

तेव्हा केंट यांनी अशा शब्दांचे कोष्टकच रचले. 'बहुधा' म्हणजे शेकडा ७५ च्या आसपास, 'जवळजवळ निश्चित' म्हणजे ९३ च्या आसपास, अशी प्रमाणे त्यांनी ठरविली. भाषेला अंकांच्या बेडीत अडकवणे अनेक सहकाऱ्यांना रुचले नाही. तरीही केंट यांनी आपला आग्रह सोडला नाही.

त्यांचे अनुमान कधी चुकलेच नाही, असे मात्र नव्हे. रशिया क्यूबात अण्वस्त्रे नेणार नाही, असे त्यांच्या कार्यालयाने सप्टेंबर १९६२ मध्ये कळविले. पुढच्याच महिन्यात विमानातून घेतलेल्या छायाचित्रांत तेथील क्षेपणास्त्रे दिसून आली. जग अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर येऊन ठेपले. केंट यांनी ही चूक झाकली नाही. ती कशी घडली, याची चर्चा त्यांनी पुढे स्वतःच लेख लिहून केली.

१९८६ साली ते निवर्तले. २००० साली स्थापन झालेल्या गुप्तवार्ता विश्लेषणाच्या प्रशिक्षणशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. जेथे एका शब्दावर युद्ध आणि शांतता अवलंबून असते, तेथे संदिग्ध शब्द हाही अपराधच ठरतो, हीच त्यांच्या जीवनाची शिकवण होय.